कारवीचें आडनांव

सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर ज्यांचा जन्म गेला त्यांना कारवी म्हणजे काय हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. तिच्या सरळ काठ्यांचा कूड करून त्यावर शेणमातीचा लेप दिला कीं घराला भिंत होते. ती सात-आठ वर्षें नुसती वाढते. मग एका पावसाळ्याच्या अखेरीस सारा उतार निळा-जांभळा करून सोडते, बोंडें धरते आणि मरून जाते. वाळलेलीं बोंडें पुढें ओलावा लागतांच तडतड वाजून फुटतात आणि बीं उधळतें. शहरांतील मंडळींपैकीं कित्येकांनीं बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत २००८, २०१६ किंवा २०२४ सालीं तिचा बहर पाहिलाहि असेल.

अशा ह्या घरोब्याच्या झुडपाची शास्त्राच्या दप्तरांत कोणत्या आडनांवाखालीं नोंद करावी, हा वाद मात्र पावणेदोनशें वर्षें चालला; आणि त्याचा निकाल अखेर फुलानें दिला नाहीं कीं फळानें दिला नाहीं. तो दिला पानाच्या पेशींत लिहिलेल्या अक्षरांनीं. त्या वादाची हकीकत आज सांगावयाची आहे.

आडनांव हा शब्द मीं जाणूनबुजून वापरला आहे. लिनियसनें १७५३ सालीं ‘स्पीशीज प्लँटारम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हांपासून प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचें नांव देण्याची रीत रूढ झाली. शाळेच्या हजेरीपटांत आधीं आडनांव आणि मग मुलाचें नांव लिहितात, त्यांतलाच हा प्रकार. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. मोगरा, जाई आणि जुई ह्या तिघींचेंहि आडनांव ‘जॅस्मिनम’. पुढचीं नांवें निरनिराळीं. लिनियसच्या काळीं हें आडनांव म्हणजे ओळखण्याची सोय होती. डार्विनचा ग्रंथ १८५९ सालीं बाहेर पडल्यानंतर त्याला निराळा अर्थ आला. एका आडनांवाखालीं ज्या जाती आपण बसवितों त्या सर्व एकाच पूर्वजापासून उतरल्या आहेत, आणि त्या पूर्वजाचा एकहि वंशज आपण बाहेर ठेविलेला नाहीं, अशी ती जणूं प्रतिज्ञा झाली. प्रतिज्ञा करणें सोपें, ती खरी ठरविणें कठीण. आजोबा कोण होते हें सांगावयाला झुडपांजवळ कुळाची वंशावळ नसते, आणि ठेविलीच असती तर ती आपल्यापैकीं कोणाला वाचतां येत नव्हती.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. ब्लूम ह्या वनस्पतिज्ञानें १८२६ सालीं जावा बेटांतील वनस्पतींचें वर्णन करतांना ‘स्ट्रोबिलँथस’ हा वंश स्थापिला. ग्रीक भाषेंत ‘स्ट्रोबिलस’ म्हणजे चिडाच्या झाडाला येतो तसला शंकूसारखा गुच्छ, आणि ‘अँथस’ म्हणजे फूल. कळ्यांना झांकणारीं लहान पानें कौलांप्रमाणें एकावर एक बसतात आणि त्यांचा शंकु दिसतो, म्हणून हें नांव. कुल आपल्या कोरांटीचें आणि अडुळशाचेंच. पुढें ह्या नांवाच्या लिंगावरूनहि थोडा गोंधळ झाला. जुन्या पुस्तकांत कारवीला ‘कॅलोसस’ असें पुल्लिंगी विशेषण लावलेलें आढळतें, नव्या पुस्तकांत ‘कॅलोसा’ असें स्त्रीलिंगी. कारण अशा शेवटाचीं नांवें स्त्रीलिंगी समजावीं असा नामकरणाच्या नियमांचा आजचा दंडक आहे. व्याकरण शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला ह्या बदलाचें समाधान वाटावें हें साहजिक आहे. आपण तिला कारवी म्हणतों, कारवा म्हणत नाहीं.

कारवीला हें नांव दिलें नेस फॉन एसेनबेक ह्या जर्मन पंडितानें. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचे वॉलिच ह्यांनीं हिंदुस्थानांतील वनस्पतींचा जो मोठा सचित्र ग्रंथ काढला, त्याच्या १८३२ सालच्या तिसऱ्या भागांत नेसनें हें सबंध कुल मांडलें. ‘कॅलोसा’ म्हणजे घट्टे पडलेली. कारवीच्या खरबरीत, गांठाळ काठीवरून ज्यानें हात फिरविला आहे त्याला हें विशेषण अनाठायीं वाटणार नाहीं. परंतु त्याच ग्रंथांत नेसनें निलगिरीवरील प्रसिद्ध निळी कुरुंजी मात्र कारवीच्या घरांत ठेविली नाहीं. तिच्यासाठीं त्यानें ‘फ्लेबोफायलम’ असा वेगळा वंश केला, आणि कुंट ह्या जर्मन वनस्पतिज्ञाच्या सन्मानार्थ तिला ‘कुंथियानम’ म्हटलें. केरळांतील कुंती नदीवरून हें नांव पडलें अशी एक समजूत ऐकूं येते; ती कानाला गोड आहे, पण खरी नाहीं. नेसनें असे आणखीहि कित्येक लहान वंश पाडले होते. म्हणजे पहिली वांटणी झाली ती अगदीं आरंभींच.

ती फार दिवस टिकली नाहीं. कलकत्त्याच्याच उद्यानाचे एक पुढचे अधीक्षक टॉमस अँडर्सन ह्यांनीं १८६७ सालीं हिंदुस्थानांतील ह्या कुलाची यादी केली, तेव्हां नेसचे बहुतेक लहान वंश त्यांनीं पुन्हां ‘स्ट्रोबिलँथस’मध्यें मिळविले. पुढें हूकरच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतिग्रंथाचा चौथा भाग १८८४-८५ च्या सुमारास निघाला. त्यांत हें कुल सी. बी. क्लार्क ह्यांनीं लिहिलें. हे क्लार्कसाहेब बंगालच्या शिक्षणखात्यांतील, शाळा तपासणारे अधिकारी. वनस्पति गोळा करण्याचा त्यांचा नाद मात्र एवढा, कीं शाळांच्या तपासणीचे शेरे कोणाला आठवत नाहींत आणि वनस्पतींवरील शेरे आजहि वाचले जातात. त्यांनींहि मोठें एकत्र कुटुंबच कायम ठेविलें. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक ह्यांनीं १९०१ ते १९०८ ह्या वर्षांत मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. त्यांतहि कारवी, वायटी, टोपली कारवी ह्या सर्व एकाच आडनांवाखालीं नांदतात.

येथें जरा थांबून ह्या वनस्पतींनीं शास्त्रज्ञांना इतका त्रास कां दिला तें पाहिलें पाहिजे. कोणतीहि वनस्पति ओळखावयाची ती मुख्यतः फुलावरून. आतां जें झुडूप सात-आठ वर्षांतून एकदां, किंवा निलगिरीवरील कुरुंजीप्रमाणें बारा वर्षांतून एकदां फुलतें, त्याचें फूल संग्राहकाच्या हातीं कसें लागावें? तो बिचारा एखाद्या वर्षीं डोंगर चढून जाई आणि नुसतीं पानें घेऊन परत येई. कुरुंजीच्या फुलण्याच्या नोंदी १८३८ सालापासून सांगतात, आणि बारा-बारा वर्षांचा हिशेब १९९४, २००६, २०१८ असा अगदीं आपल्यापर्यंत येऊन पोंचतो. एका माणसाच्या नोकरीच्या काळांत ती फार तर तीनदां फुलणार. त्यांत भर अशी, कीं जातींची संख्या साडेतीनशें ते साडेचारशेंच्या घरांत, आणि त्या सिंहलद्वीपापासून सह्याद्रि, हिमालय, ब्रह्मदेश, चीन, जावा अशा डोंगराडोंगरांवर पसरलेल्या. कोणी गुडघ्याएवढी, कोणी दोन पुरुष उंच. एका कपाटांत एका जातीचें फूल असावें तर दुसरीचें नुसतें पान, आणि तिसरीचें फळ भलत्याच देशांतील संग्रहांत.

ह्या अडचणीवर एका डच विद्वानानें उपाय शोधला, आणि ह्या हकीकतीचा तोच सर्वांत लक्षणीय पुरुष आहे. कॉर्नेलिस ब्रेमेकँप (१८८८–१९८४) ह्यांनीं तरुणपणीं जावांत आणि पुढें दक्षिण आफ्रिकेंत काम केलें होतें. नंतर ते उट्रेख्ट येथें स्थायिक झाले. १९४४ सालीं, हॉलंड जर्मनांच्या टांचेखालीं असतांना, त्यांनीं ह्या गटावरील आपला मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या देशांत असा दुष्काळ पडला कीं लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊं लागले. अशा काळांत पूर्वेकडील डोंगरांवरच्या फुलांचे परागकण एक माणूस सूक्ष्मदर्शकाखालीं मोजीत बसला होता, ह्या गोष्टीचें मला नेहमीं कौतुक वाटतें.

परागकण हाच त्यांचा उपाय होता. ह्या वनस्पतींचें पराग नुसत्या डोळ्याला चिमूटभर पीठ दिसतें. पण भिंगाखालीं पाहावें तर एकीचा कण गोल आणि कांटेरी, दुसरीचा लांबट आणि कलिंगडासारख्या उभ्या पट्ट्यांचा, तिसरीचा जाळीदार. एवढी विविधता एका गटांत क्वचितच आढळते. ब्रेमेकँपनीं विचार केला कीं पान ऊन-पावसाप्रमाणें बदलेल, उंची मातीप्रमाणें बदलेल, पण परागकणाच्या नक्षीला बाहेरच्या हवेचें काय देणें लागतें? ती कुळाची खरी खूण असली पाहिजे. ही खूण, आणि तिच्या जोडीला फुलोरा, पुंकेसर व बीं ह्यांचे बारकावे धरून त्यांनीं एकत्र कुटुंब मोडलें आणि त्याचे चोपन्न वंश केले. चोपन्न! त्यांतील कित्येकांत एकेकच जाति. निळ्या कुरुंजीला नेसचें ‘फ्लेबोफायलम’ परत मिळालें. टोपली कारवी ‘प्लिओकॉलस’ झाली. चिकट, सुवासिक तुऱ्यांची वायटी ‘थेलेपेपाली’ झाली. निलगिरीच्या नांवानें ‘निलगिरिअँथस’ निघाला. आणि आपल्या कारवीसाठीं त्यांनीं एक स्वतंत्र वंश करून त्याला नांव दिलें ‘कार्विया’. उट्रेख्टच्या एका प्राध्यापकानें मावळच्या माणसाच्या तोंडचा शब्द उचलून जगाच्या शास्त्रीय भाषेंत बसविला. ‘कार्विया कॅलोसा’ हें नांव पुढें आपल्याकडील पुष्कळ पुस्तकांत आणि महाविद्यालयांच्या याद्यांत चाललें, आणि कांहीं ठिकाणीं आजहि चालतें.

हिंदी शास्त्रज्ञांनींहि ही पद्धत पुढें नेली. महाराष्ट्रांतील एका जातीला १९७० सालीं सूर्यनारायण ह्यांनीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत स्वतंत्र वंश दिला. त्याचें नांव ‘सुपुष्पा’. लॅटिन-ग्रीकच्या त्या गर्दींत हा निखळ संस्कृत शब्द मोठा शोभून दिसे.

परंतु चोपन्न खोल्यांच्या ह्या वाड्यांत राहावयास गेलेल्या माणसांना लवकरच अडचणी भासूं लागल्या. ब्रेमेकँपनंतर नव्या जाती सांपडत राहिल्या, आणि त्यांतील पुष्कळ कोणत्याच खोलींत नीट बसेनात. फुलोरा एका वंशाचा, पराग दुसऱ्याचा, बीं तिसऱ्याचें. खोलीचें दार उघडण्याला सूक्ष्मदर्शक लागे, तो डोंगरावर कोण नेणार? भूतानच्या वनस्पतींवर काम करणारे जॉन वुड ह्यांनीं १९९४ सालीं ‘स्ट्रोबिलँथस’ हा एकच मोठा वंश मानून आपलें लेखन केलें. मार्क कॅरीन आणि ऑक्सफर्डचे रॉबर्ट स्कॉटलंड ह्यांनीं दक्षिण हिंदुस्थान आणि सिंहलद्वीप येथील जातींचे परागकण पुन्हां तपासले, आणि २००२ सालीं ह्या गटाच्या वर्गीकरणावर जो निबंध लिहिला त्याच्या मथळ्यांतच त्यांनीं प्रश्न टाकला होता, कीं जें वर्गांत बसण्यासारखें नाहीं त्याचें आपण वर्गीकरण करूं पाहत आहों काय?

म्हणजे १८३२ सालीं मोडलें, १८६७ सालीं जोडलें, १९४४ सालीं पुन्हां मोडलें. प्रत्येक वेळीं विद्वान मोठे, परिश्रम खरे, आणि पुरावा तोच: डोळ्यांना दिसणारीं लक्षणें. तराजूच्या कोणत्या पारड्यांत कोणतें लक्षण घालावें हें ज्यानें त्यानें आपल्या बुद्धीप्रमाणें ठरवावयाचें. अशा वादाचा शेवट नव्या जातीच्या पुराव्यावांचून होत नसतो.

तो नवा पुरावा कोणत्या प्रकारचा हें सांगण्यासाठीं मी पुण्याच्या भांडारकर संस्थेंत आपणांस नेणार आहें. तेथें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं सुरू झालें आणि १९६६ सालीं पुरें झालें. विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांच्यासारख्या संपादकांपुढें बाराशेंहून अधिक हस्तलिखितें होतीं. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हें त्यांनीं कसें ओळखावें? पोथीचें वेष्टन लाल आहे कीं पिवळें, अक्षर वळणदार आहे कीं गिचमिड, ह्यावरून नव्हे. लेखक पोथी नकलतांना चुका करतो, आणि त्याच्या नकलेवरून जो पुढें नक्कल करतो तो त्याहि चुका उतरून घेतो. तेव्हां एकच विशिष्ट चूक ज्या दहा पोथ्यांत आढळते, त्या बहुधा एकाच मूळ प्रतीच्या लेकी. अशा सामायिक फरकांचें जाळें उलगडीत गेलें म्हणजे पोथ्यांची वंशावळ हातीं येते.

प्रत्येक सजीवाच्या पेशींत अशीच एक पोथी असते. ती डी. एन्. ए. नामक द्रव्याच्या धाग्यावर चार अक्षरांत लिहिलेली आहे; त्या अक्षरांना ए, टी, जी आणि सी म्हणतात. आईबापांकडून मुलांकडे जातांना ही पोथी पुन्हां पुन्हां नकलली जाते, आणि क्वचित् कोठें एखादें अक्षर बदलतें. तो बदल त्या शाखेंतील पुढच्या सर्व पिढ्यांत उतरतो. दोन जातींतील एकच उतारा घेऊन शेजारीं शेजारीं मांडला, आणि असा तो अनेक जातींचा मांडला, कीं कोणत्या जाती कोणता बदल वांटून घेतात तें दिसूं लागतें. सबंध पोथी वाचण्याची गरज नसते. कांहीं शें अक्षरांचा योग्य उतारा पुरतो. वाळवून ठेविलेल्या पानाचा नखाएवढा तुकडाहि त्यासाठीं पुष्कळ होतो. फुलाची वाट पाहण्याचें कारण उरत नाहीं, आणि बारा वर्षांनीं फुलणाऱ्या कुळाच्या बाबतींत ही केवढी सोय आहे तें सांगावयास नको.

आणखी एक युक्ति ह्यांत आहे. वनस्पतीच्या पेशींत एक पोथी केंद्रकांत असते आणि दुसरी, लहानशी, पानाला हिरवेपणा देणाऱ्या हरितकणांत असते. केंद्रकांतील पोथी आई आणि बाप ह्या दोघांकडून येते. हरितकणांतील बहुधा आईकडूनच येते. म्हणून दोहोंतील उतारे वाचले म्हणजे दोन निराळे साक्षीदार तपासल्यासारखें होतें. एकाची साक्ष दुसऱ्यानें पढविलेली नसते.

एलिझाबेथ मॉयलन, कॅरीन, स्कॉटलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘स्ट्रोबिलँथस’ आणि तिच्या नात्यांतील वनस्पतींचे असे दोन उतारे वाचले, एक केंद्रकांतील, एक हरितकणांतील. त्यांना बाह्य लक्षणांचीहि जोड दिली. आणि २००४ सालीं अमेरिकेच्या वनस्पतिशास्त्रीय नियतकालिकांत निकाल प्रसिद्ध केला. निकाल असा, कीं हा सबंध मोठा गट खरोखर एकाच पूर्वजाचा वंश आहे. परंतु त्याच्या आंत ज्या भिंती बांधल्या होत्या, त्यांतील पुष्कळशा नात्याच्या रेषेवरून गेलेल्या नाहींत. एकाच खोलींत घातलेल्या जाती कित्येकदां निरनिराळ्या शाखांतील निघाल्या. एवढेंच नव्हे, तर ‘हेमिग्राफिस’सारखे कांहीं वंश, जे पूर्वींच्या लोकांनीं शेजारचें घर समजून बाहेर ठेविले होते, तेहि ह्याच घरांतले ठरले. आपल्या गॅलरींत टांगत्या कुंडींतून लोंबणारी ती जांभळट, रुपेरी पानांची वेल पाहा. तिला रोपवाटिकेंत ‘हेमिग्राफिस’ म्हणून विकतात; आज शास्त्रांत ती ‘स्ट्रोबिलँथस आल्टर्नाटा’ आहे. कारवीची शहरवासी चुलत बहीणच म्हणा.

मग ब्रेमेकँपचे परागकण खोटे होते काय? मुळींच नाहीं. त्यांनीं जें पाहिलें तें आजहि तसेंच दिसतें. चुकलें तें अनुमान. शरीराची एखादी ठेवण एका वंशांत एकदांच उत्पन्न होते असें नाहीं. ती दूरदूरच्या शाखांत स्वतंत्रपणें पुन्हां पुन्हां उपजूं शकते, आणि सख्ख्या बहिणींतहि बदलूं शकते. गांवांत दोन घरचीं मुलें घाऱ्या डोळ्यांचीं असलीं म्हणून तीं भावंडें ठरत नाहींत. कोणतें लक्षण स्थिर आणि कोणतें चंचल, हें आधीं ठरवून नंतर वंशावळ काढावयाची, हा जुना क्रम. आतां वंशावळ आधीं काढतां येते आणि तिच्यावर लक्षणें मांडून तीं किती वेळां बदललीं हें पाहतां येतें. माझ्या समजुतीप्रमाणें ह्या प्रकरणांतील खरी क्रांति ती एवढीच. कांहीं नवे लोक ब्रेमेकँपचें नांव निघालें कीं चोपन्न हा आंकडा काढून हंसतात. तें मला रास्त वाटत नाहीं. त्यांच्या बारीक नोंदी नसत्या तर पुढच्यांना पारखून पाहावयास कांहीं उरलेंच नसतें. शिवाय त्यांचे सगळेच गट मोडले असें नव्हे. निळ्या कुरुंजीभोंवतीं त्यांनीं जो जातींचा मेळ जमविला होता त्याचा कॅरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालींच स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला; मात्र तो ‘स्ट्रोबिलँथस’ ह्या एका वंशांतील गट म्हणून.

ह्या निकालानें आपलें एक मोलाचें चीजवस्त गेलें. ‘कार्विया’ हें नांव मागें पडलें. जगांतील प्रमुख याद्यांत आज कारवी पुन्हां नेसनें १८३२ सालीं दिलेल्या ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसा’ ह्याच नांवानें उभी आहे. ‘सुपुष्पा’हि गेली. एका मराठी शब्दाला लाभलेली जगाच्या पंक्तींतील जागा अशी रिकामी झाली ह्याची हळहळ कोणाला वाटली तर ती मी समजूं शकतों. एवढी एक कारवी वेगळी ठेवून बाकीचें घर एक करावें, असेंहि कोणी सुचवील. पण तें चालावयाचें नाहीं. एकाच आजोबाच्या वंशजांतून एका नातीला उचलून निराळें आडनांव दिलें, कीं उरलेल्यांचें एकत्र आडनांव खोटें पडतें. ‘सर्व वंशज आंत’ ही प्रतिज्ञा मोडते. मग प्रत्येक शाखेला निराळें नांव देत बसावें लागतें, आणि त्या शाखा नेमक्या कोठें फुटल्या हें तर ह्या दोन उताऱ्यांनीं पुरतेपणीं स्पष्ट झालेलें नाहीं. बाहेरची कुंपणाची भिंत पक्की, आंतील खोल्यांच्या रेषा धूसर, अशी स्थिति असतां एकच घर मानणें हा प्रामाणिकपणाचा मार्ग होय. शब्दाच्या प्रेमानें पुरावा वांकवितां येत नाहीं.

आणि गंमत अशी, कीं ‘कार्विया’ गेल्यानें डोंगरांतील माणसाचें कांहींच बिघडलें नाहीं. त्यानें मोठ्या झुडपाला कारवी म्हटलें, आणि कास पठारावर टोपल्या पालथ्या घातल्यासारखीं दिसणारीं ठेंगणीं झुडपें पाहून त्यांना टोपली कारवी म्हटलें. ब्रेमेकँपच्या पुस्तकांत ह्या दोघी दोन निराळ्या वंशांतल्या. आमच्या माणसानें त्यांना एकाच आडनांवाच्या ठरविल्या होत्या आणि पुढें नुसतें विशेषण लाविलें होतें. लिनियसचीच रीत, फक्त विशेषण आधीं. लोकांचीं नांवें नेहमीं अशीं बरोबर येतात असा दावा मी करीत नाहीं, कारण वायटीला त्यांनीं निराळें ठेविलें आहे आणि ती तर घरचीच निघाली.

नांवांच्या ह्या फेरफाराची झळ खऱ्या अर्थानें पोंचते ती निराळ्या ठिकाणीं. केरळांत वैद्य ज्या करिंकुरिंजीचीं मुळें वातविकारांवर वापरतात, तिच्याविषयींचें लेखन कांहीं ‘निलगिरिअँथस सिलिअ‍ॅटस’ ह्या नांवाखालीं आहे आणि कांहीं ‘स्ट्रोबिलँथस सिलिअ‍ॅटा’ ह्या नांवाखालीं. एकाच नांवानें शोध घेणाऱ्याला अर्धेंच ज्ञान मिळतें, आणि उरलेलें अर्धें आहे ह्याची त्याला वार्ताहि नसते. आसामपासून चीन-जपानपर्यंत जिच्या पानांपासून नीळ काढतात ती ‘स्ट्रोबिलँथस कुसिया’ हीच ब्रेमेकँपच्या पद्धतींत ‘बॅफिकॅकँथस’ होती. म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांनीं आणि वनस्पतींच्या याद्यांनीं निदान एक पिढीपर्यंत दोन्ही नांवें शेजारीं छापावीं, असें माझें स्पष्ट मत आहे. मुलांना नुसतें नवें नांव पाठ करावयास लावणें म्हणजे जुन्या पुस्तकांचें दार त्यांच्या तोंडावर लावून घेणें होय. संग्रहालयांची रीत ह्याहून शहाणपणाची असते. वाळलेल्या नमुन्याच्या कागदावरील जुनी चिठ्ठी तेथें कोणी फाडीत नाहीं. नवी चिठ्ठी, तारीख आणि सही घालून, तिच्या शेजारीं चिकटवितात.

घर एक झाल्यामुळें एक जुना प्रश्न मात्र नव्यानें विचारतां येऊं लागला आहे. ह्या एकाच वंशांत वर्षावर्षाला फुलणाऱ्या जाती आहेत, सात-आठ वर्षांनीं फुलणारी कारवी आहे, बारा वर्षांनीं फुलणारी कुरुंजी आहे. जपानच्या ओकिनावा बेटावरील एक जाति सहा वर्षांनीं फुलते असें तेथील अभ्यासकांनीं २०११ सालीं दाखविलें. सर्वांनीं एकदम फुलून एवढें बीं सांडावें कीं पांखरांना आणि किड्यांना तें खाऊन संपवितां येऊं नये, असा त्यांत हेतु असावा, अशी उपपत्ति बांबूच्या संदर्भांत जँझन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७६ सालीं मांडली होती. पण ही वाट पाहण्याची संवय ह्या कुटुंबांत एकदांच आली आणि पुढें कांहींनीं ती सोडली, कीं निरनिराळ्या डोंगरांवर ती निरनिराळ्या वेळीं लागली? चोपन्न वंश मानणाऱ्याला हा प्रश्न धड मांडतांहि येत नव्हता. त्याचें उत्तर शाखा कोठें फुटल्या ह्यावर अवलंबून आहे, आणि त्यासाठीं दोन उताऱ्यांऐवजीं पोथीचीं पुष्कळ अधिक पानें वाचावीं लागणार आहेत. वाचनाचीं यंत्रें २००४ सालाच्या मानानें आज कितीतरी जलद आणि स्वस्त झालीं आहेत. नमुने मात्र डोंगरावर चढूनच आणावे लागतात.

बारा वर्षांचा हिशेब चुकला नाहीं तर निलगिरीवरील कुरुंजी २०३० सालीं फुलेल, आणि बोरिवलीची कारवी आठ वर्षांच्या हिशेबानें २०३२ सालीं. फुलांसाठीं तोंवर थांबावें लागेल. पानें तर ह्या पावसाळ्यांतहि आहेत.